मोहाच्या दिवसांतले जुने शब्द

मार्च अर्धा सरला की आमची शाळा सकाळची होते आणि त्याच सुमाराला मोह गळायला लागतो. सात वाजता मी खडू घेऊन वर्गात उभा राहतो तेव्हा तो वास माझ्या आधीच खिडकीतून आत आलेला असतो. गोड, जड, किंचित आंबूस. कुरखेड्याकडच्या या भागात नव्याने बदलून आलेले मास्तर पहिल्या वर्षी या वासाला नाक मुरडतात, दुसऱ्या वर्षी त्यांना तो आवडायला लागतो आणि तिसऱ्या वर्षी ते वशिला लावून निघून जातात. मला वशिला नव्हता, आणि पुढे पुढे जावंसंही वाटेना. मूळचा मी नागभीडचा, म्हणजे तसा जवळचाच. पण तिथे रेल्वेचा वास, धानाच्या गिरणीचा वास. हा वास मला इथे भेटला आणि पुष्कळ वर्षं मी त्याच्यावर खूश होतो.

आता नाही. यंदा तो पहिल्यांदा आला त्या सकाळी मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत होतो, आणि हात तसाच अधांतरी राहिला. मागे पोरं कुजबुजली, सर विसरले वाटते. विसरलो असतो तर फार बरं झालं असतं.

मी इंग्रजी शिकवतो. आणि मला एक व्यसन आहे. सुपारी नाही, खर्रा नाही. मला जुन्या इंग्रजी शब्दांचं व्यसन आहे. जे शब्द आता खुद्द इंग्रजही बोलत नाहीत, असे. कॉलेजात असताना नागभीडच्या स्टेशनाजवळच्या रद्दीवाल्याकडून मी एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश उचलला होता. त्याला पुठ्ठा नव्हता आणि सुरुवातीची पुष्कळ पानं नव्हती. त्यामुळे त्याचं नाव काय, तो कुणी रचला, हे मला आजतागायत ठाऊक नाही. 'ए' हे अक्षर तर त्यात जवळजवळ नाहीच. आमची सौभाग्यवती त्यावरून मला टोमणे मारते. "तुमचं इंग्रजी 'बी'पासून सुरू होते, म्हणून तुमी हेडमास्तर नाई झाले," असं तिचं म्हणणं. आणि मी फार वेळ कोशात डोकं घालून बसलो की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "काऊन जी, आज तेच जेवता का?"

पण तो कोश नुसता अर्थ सांगून थांबत नाही. लग्न जुळवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा तो प्रत्येक शब्दाचं कूळगोत्र सांगतो. 'ऑर्ट्स' म्हणून एक शब्द होता. ताटात उरलेले तुकडे. 'जे खाल्लं नाही ते', एवढाच त्याचा मूळ अर्थ. म्हणजे आपलं उष्टं. इंग्रजांकडे उष्ट्याला चांगला सुटसुटीत शब्द होता आणि त्यांनी तो टाकून दिला, हे वाचून मला बरेच दिवस त्यांची कीव येत होती. 'सेनाइट' म्हणजे सात रात्री, म्हणजे आठवडा. ते लोक पूर्वी दिवस मोजत नसत, रात्री मोजत. आणि 'फॉरेस्ट'! सगळ्यांना वाटतं फॉरेस्ट म्हणजे झाडं. मुळात त्या शब्दात झाड नाहीच. त्याचा मूळ अर्थ 'बाहेरचं'. राजाच्या शिकारीसाठी जी जमीन साध्या कायद्याच्या बाहेर काढून ठेवली, ती फॉरेस्ट. हे मी एकदा इथल्या वनरक्षकाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्याने चहा संपवला आणि म्हणाला, "सर, हे साहेबाले नका सांगू, नाई त त्याचंबी एखादं रजिस्टर चालू करतीन."

माझ्या या व्यसनाला वर्गात फारसं गिऱ्हाईक नसे. पोरांना हवा असतो पेपरात येणारा शब्द. हे टाकलेले शब्द मी धड्याच्या मधेच काढून बसलो की मागच्या बाकावरची मुलं निवांत जांभया देत. अपवाद एकच होता, सरिता.

सरिता आठवीत माझ्या वर्गात आली. गावाच्या टोकाला, जिथे बांध संपून जंगल सुरू होतं, तिथे तिचं घर. वडील भात निघाला की तेलंगणात मिरची तोडायला जात ते उन्हाळ्यातच परतत. घरी आई मैनाबाई, सरिता आणि धाकटी रोशनी, जी तेव्हा नुकती बालवाडीत जायला लागली होती. सरिता काही फार हुशार वगैरे नव्हती. गणितात तर ती गटांगळ्याच खाई. पण शब्द तिला आवडायचे. आणि ती मला भीत नसे, हे मला आवडायचं.

उशिरा येणाऱ्या पोरांना मी 'स्लगाबेड' म्हणायचो. अंथरुणात लोळत पडणारा आळशी, असा तो जुना शब्द. मोहाच्या दिवसांत निम्मा वर्ग उशिरा येई, हाताला चिकट वास, केसांत वाळलेली पानं. एकदा सरिता दारात उभी राहिली आणि मी सवयीने म्हणालो, "या, स्लगाबेड बाई." ती म्हणाली, "सर, आमी अंधार होता तवापासून उठून आहो. स्लगाबेड त तुमी आहा." वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. मीही हसलो. खरंच होतं ते. मी साडेसहाला उठून, आंघोळीला बुट्टी मारून आलो होतो.

दुसऱ्या एका दिवशी मी 'ओव्हरमॉरो' सांगितला. उद्याच्या पुढचा दिवस, म्हणजे परवा. कधीकाळी इंग्रजीत हा शब्द होता आणि मग तो गळून गेला. सरिता विचारात पडली. "मंग त्याहिचं परवाचं काम कसं चालते?" मी म्हणालो, आता ते चार शब्द वापरून सांगतात. फळ्यावर ते चार शब्द लिहून दाखवले. "एवढा मोठा परवा!" ती म्हणाली. "आपल्याकडे त परवाबी आहे आणि तेरवाबी आहे." इंग्रजी भाषेला कशात तरी मागे टाकल्याचा आनंद तिला पुढचे कितीतरी दिवस पुरला. मैदानात भेटली तरी म्हणायची, "सर, ओव्हरमॉरो सुट्टी हाय ना?"

सगळ्यात जास्त रंगला तो अस्वलाचा तास. मोहाच्या दिवसांत अस्वलं फुलं खायला येतात, त्यामुळे विषय ताजा होता. मी सांगितलं की इंग्रजीत अस्वलाला जो शब्द आहे त्याचं मूळ 'तपकिरी' असं मानतात. त्या थंड मुलखातले जुने लोक अस्वलाला इतके भ्यायचे की त्याचं खरं नाव तोंडातून काढत नसत. नाव काढलं की ते येईल. म्हणून 'तो तपकिरी, तो तपकिरी' म्हणत राहिले, आणि म्हणता म्हणता खरं नाव विसरून गेले. ते नाव आता त्या भाषेत नाहीच. नेहमी जांभया देणारी मागची बाकंसुद्धा कान टवकारून बसली. कारण आमच्या गावात मोहाखाली असताना कुणी 'वाघ' म्हणत नाही. 'जनावर' म्हणतात, 'मोठा' म्हणतात, आणि बाया तर नुसतं 'तो' म्हणतात. मी स्वतः कितीदा ऐकलं होतं, काल तो नाल्याकडे होता, आज तो दिसला नाही.

"म्हंजे इंग्रजबी आपल्यासारखेच भेकड होते," सरिता म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने हात वर केला. "सर, मंग कामी आलं का? नाव नाई घेतलं त ते अस्वल येत नोतं का?"

मी म्हणालो, कोशात तेवढं दिलेलं नाही.

मोह वेचणं एका माणसाचं काम नाही, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. फूल तर आपोआप पडतं. पहाटेच्या आधी टपटप सुरू होते आणि ऊन तापेपर्यंत चालू राहते. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून, जाळून जमीन साफ केलेली असते. त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळी फुलं पसरलेली असतात, आणि टोपली घेऊन, खाली वाकून, एकेक उचलायचं असतं. पण दोघं लागतात. एकाने वेचायचं आणि दुसऱ्याने उभं राहायचं. उभं राहणाऱ्याने वेचणाऱ्याकडे पाठ करून जंगलाकडे पाहायचं आणि सारखा आवाज देत राहायचं. बोलायचं, गायचं, कुणाला तरी शिव्या घालायच्या, काहीही. आवाज तुटता कामा नये. वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही, असं इथले लोक सांगतात. उभं आणि बोलणारं वाटतं.

आणि एक गोष्ट. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. कुंपण नाही, खूण नाही, पण अमक्याचा मोह म्हणजे अमक्याचा. दुसरा त्याच्याखालचं एक फूल उचलणार नाही. फार सुंदर रीत आहे. भांडण नाही, तंटा नाही. पण त्यामुळे होतं असं की गावातून सगळे मिळून निघतात आणि जंगलात गेल्यावर प्रत्येक घर आपापल्या झाडाकडे वेगळं होतं. गटाने जा, एकटे जाऊ नका, असं वनविभागाची गाडी भोंगा लावून गल्लीगल्लीतून सांगते. लोक माना डोलावतात. झाडं जिथे आहेत तिथेच असतात.

मैनाबाईंचं झाड नाल्याच्या पलीकडे. एका रविवारी फिरत फिरत मी तिकडे गेलो तर लांबूनच सरिताचा आवाज आला. मैनाबाई वाकून वेचत होत्या आणि सरिता जंगलाकडे तोंड करून मी दिलेले शब्द जोरजोराने ओरडत होती. "स्लगाबेड! ऑर्ट्स म्हंजे उष्टं! सेनाइट म्हंजे सात राती!" मैनाबाईंनी मला पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "सर, तुमच्यापायी माह्या कानाले इंग्रजी लागून राह्यली." मी कधी इतका सुखावलो नव्हतो. माझे शब्द कुणाच्या तरी कामी येत होते. तिथून परत येताना मी एकटाच हसत होतो, हे मला आठवतं.

दहावीचं केंद्र तालुक्याला असतं. गावातून सकाळची गाडी वेळेवर मिळेलच असं नाही, म्हणून परीक्षेच्या दिवसांत पोरं नातेवाइकांकडे जाऊन राहतात. सरिता मावशीकडे राहायला गेली. जाताना तिने आईला विचारलं होतं, तुझ्यासंगं कोण उभं राहीन? मैनाबाई म्हणाल्या होत्या, रोशनी आहे ना. रोशनी सहा वर्षांची. दोन दिवस तिला नेलं. तिसऱ्या दिवशी तिला ताप आला म्हणून घरीच झोपू दिलं.

इंग्रजीच्या पेपरला मी केंद्राबाहेर होतो. माझा विषय, माझी पोरं. आत जाता येत नसलं तरी घरी बसवत नाही. पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. सरिताचा मामा, देवराव, मोटारसायकलवरून आला. गाडी उभी केली, किल्ली काढली आणि ती हातात धरून तसाच उभा राहिला. मी जवळ गेलो. तो म्हणाला, "मैनाले नेली त्यानं."

मी विचारलं नाही, कोणी. इथे कुणी विचारत नाही.

मग तो म्हणाला, "पेपर होऊ द्या, सर. तिची माय असती त हेच म्हणली असती." मी त्याचं ऐकलं. तो मामा होता, घरचा होता, आणि खरं सांगायचं तर मला दुसरं काही सुचलंही नाही. आम्ही दोघं फाटकाबाहेरच्या चिंचेखाली उभे राहिलो. ऊन वाढत गेलं. शेजारी एक जण बर्फाचा गोळा विकत होता, त्याने आम्हाला दोनदा विचारलं. आत खिडकीजवळ सरिता बसली होती. तिची वेणी दिसत होती, आणि ती भराभर लिहीत होती.

घंटा झाली. ती सगळ्यांच्या पुढे पळत बाहेर आली. "सर, पेपर एकदम सोपा! पत्रात मी ओव्हरमॉरो टाकला. मार्क कापतीन का?" मी म्हणालो, नाही कापणार. मग तिने देवरावकडे पाहिलं आणि हसली. मामा घ्यायला आला असं तिला वाटलं. त्या हसण्याचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. ते माझ्याजवळ तसंच पडून आहे.

त्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. लोक जमले होते, साहेब लोक आले होते, गाड्या उभ्या होत्या. अंगणात मैनाबाईंनी आदल्या दिवशी पसरलेली फुलं वाळत होती, किसमिशीसारखी तांबूस झाली होती, आणि त्यांना ओलांडून जाता येत नव्हतं म्हणून सगळे कडेकडेने चालत होते. कुणी ती उचलली नाहीत. रोशनी दारात बसून त्यांच्यावर बसणाऱ्या माश्या हाकलत होती. आईने तिला तेवढं काम सांगून ठेवलं होतं.

सरिता रडली नाही असं नाही; खूप रडली. पण माझ्या लक्षात राहिलं ते तिचं एकच वाक्य. तेराव्याला मी गेलो तेव्हा ती म्हणाली, "पेपरभर माही माय मेलेली होती, आणि मी तिथी बसून मैत्रिणीले पत्र लिहून राह्यली होती." मी म्हणालो, तुला माहीत नव्हतं गं. ती म्हणाली, "हाव. तेच त."

राहिलेले पेपर तिने दिले. का दिले, कुणाला ठाऊक. मामाने गाडीवर नेऊन बसवलं आणि ती बसली. निकाल लागला तेव्हा इंग्रजीत ती शाळेत पहिली होती. मी गुणपत्रिका घेऊन तिच्या घरी गेलो. तिने ती पाहिली, घडी घातली आणि देवाच्या फळीवर ठेवली. ओव्हरमॉरोचे मार्क कापले होते की नाही, ते त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी एकदा कोश काढला. शोकपत्रात जो इंग्रजी शब्द लिहितात, ज्याचं कुणी गेलं आहे त्या माणसासाठीचा, 'बिरीव्हड', तो पाहायला. 'बी' माझ्या कोशात सुदैवाने आहे. मूळ अर्थ लिहिला होता, लुटलेला. दरोडा पडून ज्याचं सगळं नेलं आहे असा. मी तो वाचला आणि कोश मिटला. जन्मभर मला वाटत आलं होतं की शब्दाचं मूळ सापडलं की ती गोष्ट थोडी तरी हाताला लागते. काही लागत नाही. लुटलेला म्हणजे लुटलेला, एवढंच कळतं, आणि ते आधीच माहीत असतं.

अकरावीला ती गेली नाही. मी तीनचार वेळा तरी घरी गेलो असेन. वसतिगृहात जागा होती, फॉर्म मी भरून देणार होतो, माझी बायको म्हणाली होती की सुट्टीत पोरगी आपल्याकडे राहील. सरिता प्रत्येक वेळी चहा करायची आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायची. "मी गेली त रोशनीले कोण पाहीन?" वडील एक वर्ष घरी राहिले. मग पुन्हा मिरचीला जाऊ लागले. घर मोहावर आणि मिरचीवरच चालायचं. कुणीतरी मोह वेचलाच पाहिजे आणि कुणीतरी मिरचीला गेलंच पाहिजे. त्यांना दोष देऊन काय करू? त्यांच्या जागी मीही गेलो असतो.

आणि आता तीच मैनाबाईंच्या झाडाखाली वेचते. तेच झाड. दुसरं झाड घेता येत नाही, कारण दुसरी झाडं दुसऱ्यांची आहेत. शेजारच्या घरातून कुणी उभं राहायला मिळेल का, हे मी विचारून पाहिलं. कसं मिळणार? फुलं सगळ्यांची एकाच वेळी पडतात. ज्या घरात दोन माणसं आहेत त्यांना ती दोन्ही आपल्या झाडाखाली लागतात. मग उरते रोशनी. ती आता सातवीत आहे, माझ्याच वर्गात. अंगाने उंच झाली आहे, आवाजही खणखणीत आहे. बहिणीसोबत उभं राहायला अगदी योग्य. मी सरिताला म्हणालो, "मोहाचे दिवस तिला शाळेत नाही पाठवलंस तरी चालेल. मी कुणाला काही म्हणणार नाही. हजेरीचं मी पाहून घेईन." ती माझ्याकडे अशी पाहत राहिली जणू मीच तिचा विद्यार्थी आहे.

"नाई, सर. माय म्हणे, शाळा बुडवाची नाई. माह्या परीक्षेसाठी माय एकटी गेली. मंग रोशनीची शाळा बुडवून कसं चालन?"

मी म्हणालो, अगं, म्हणूनच तर. म्हणूनच तू एकटी जाऊ नको.

"मंग काय करू?" ती म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारत होती.

शाळा दुपारी भरवता येईल का, हाही विषय मी बैठकीत काढला. उन्हात पोरांना कसं बोलावणार, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच आहे. एप्रिलमध्ये इथल्या पत्र्याखाली दुपारी माणूस बसू शकत नाही. सकाळी शाळा, सकाळीच मोह. चांगली, शहाणी, विचार करणारी माणसं बसलेली, मीही त्यात, आणि कुणाचं काही चुकत नाही. कुणाचं तरी चुकलं असतं तर तिथे जाऊन भांडता तरी आलं असतं.

म्हणून मी रविवारी जातो. सुट्टीच्या दिवशी मी सरितासोबत झाडाखाली उभा राहतो. माझ्या वयाच्या, चष्मा लावणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाचा काय उपयोग, असं सौभाग्यवती म्हणाली, पण थर्मासमध्ये चहा भरून दिला. रविवारी रोशनीही येते. ती एका बाजूला तोंड करून, मी दुसऱ्या बाजूला, आणि मधे सरिता वाकलेली. मधे एका रविवारी रोशनी मामाकडे गेली होती, त्यामुळे मी एकटाच होतो. उजाडायचं होतं. फुलं पडत होती, मागे टोपलीचा आवाज येत होता, समोर झाडंच झाडं आणि त्यांच्यामधला करडा अंधार. मला भीती वाटत होती. लपवण्यासारखं त्यात काही नाही, चांगलीच वाटत होती.

"सर, आवाज द्या," सरिता मागून म्हणाली.

मला गाता येत नाही. शिव्या येतात, पण विद्यार्थिनीसमोर देता येत नाहीत. मग मला जे येतं ते मी सुरू केलं. 'गॉसमर' म्हणालो, हवेत तरंगणारं कोळ्याचं सूत. आणि त्याचं मूळ सांगायला लागलो, की बदकांचा उन्हाळा, म्हणजे बदकं नव्हे, हंससुद्धा नव्हे, आपल्याकडे तो पक्षी नसतो, कसं सांगावं...

"सर, अर्थ नका सांगू," ती म्हणाली. "अर्थ सांगता तवा तुमी थांबता. आवाज तुटते. नुसते शब्द म्हणा."

मी नुसते शब्द म्हणालो. एकामागून एक, ओरडून, मूळ नाही, कूळ नाही, अर्थ नाही. मागे तिचे हात चालू होते. पूर्वी याच जागी उभं राहून ती अर्थासकट ओरडायची. मी वळून पाहिलं नाही, कारण उभं राहणाऱ्याने मागे वळायचं नसतं. टोपली भरली तेव्हा ऊन आलं होतं आणि माझा घसा बसला होता. तिने मला चहा ओतून दिला. थर्मास आमच्या घरचाच होता, पण ओतून तिने दिला. "मस्त ओरडता सर तुमी," ती म्हणाली. एवढंच.

कोशाच्या शेवटाकडे एक फार जुना शब्द आहे. त्याचा उच्चार मला नीट येत नाही. पहाट होण्याच्या आधी अंथरुणात जागं पडून जी काळजी वाटते, त्या काळजीला त्या लोकांनी वेगळा शब्द ठेवला होता. आजच्या इंग्रजीत तो नाही. मला तो रोज लागतो. सोमवार ते शनिवार मी त्या वेळेला जागा होतो. ती आता निघाली असेल, नाला ओलांडला असेल, वाकली असेल. बायको कूस बदलून म्हणते, झोपा जी. मी उठतो, आंघोळ करतो आणि सगळ्यांच्या आधी शाळेत जाऊन बसतो.

आज सोमवार. सात वाजले. प्रार्थना झाली, पोरं बसली, खिडकीतून तो वास येत होता. मी हजेरी घ्यायला लागलो. नावं घेत घेत खाली आलो. "रोशनी," मी म्हणालो.

मधल्या रांगेतून, स्वच्छ, खणखणीत आवाजात ती म्हणाली, "हजर, सर."